काटोलचा दगड आणि आपली गच्ची

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त भोंगवली येथे आपल्या गच्चीवर झालेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



जेवणाची पानं वाढायला अजून वेळ आहे, असं कमिटीनं सांगितलंय. तेवढ्या वेळात मला बोलायचं आहे. विषयाचं नाव फळ्यावर लागलं तेव्हा दोन-तीन जणांनी जिन्यात अडवून विचारलं, "सर, लघुग्रह? आपला काय संबंध?" संबंध आहे. खडकाळ लघुग्रहाचा तुकडा आपल्या महाराष्ट्रात येऊन पडलेला आहे, माणसांनी तो हातात घेऊन पाहिलेला आहे. उद्या असाच एखादा तुकडा भोर-वेल्ह्याच्या डोंगरात किंवा आपल्या भाताच्या खाचरात पडला, तर तो ओळखला जाईल की बांधावरच्या दगडांत हरवून जाईल, हे पहिल्या दोन दिवसांत ठरतं. आणि ते ठरवणारे शास्त्रज्ञ नसतात, तिथे जवळ असणारे आपल्यासारखे लोक असतात.

गोष्ट काटोलची. नागपूर जिल्ह्यातलं, संत्र्यांचं काटोल. २२ मे २०१२, दुपारचे साधारण दोन वाजून दहा मिनिटं. विदर्भातली मे महिन्याची दुपार, म्हणजे रस्त्यावर चिटपाखरू नसतं. अशा वेळी आकाशात धमाके ऐकू आले आणि काटोलच्या परिसरात दगड पडले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, ज्याला सगळे जीएसआय म्हणतात, त्यांनी ते गोळा केले. सुमारे ३० तुकडे, त्यातला मोठ्यात मोठा साधारण किलोभराचा. सगळे मिळून वजन सुमारे १३ किलो. आपल्या घरच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, त्याहूनही थोडं कमी. पण त्या १३ किलोंनी पुढे काय काय सांगितलं, ते ऐका.

आधी दोन शब्द नीट करून घेऊ. आकाशात रेघ ओढल्यासारखी चमकते ती उल्का. ती बहुतेक वेळा वरच जळून संपते. संपली नाही आणि दगड खाली पोचला, तर त्या दगडाला मराठीत अशनी म्हणतात. संस्कृतात अशनी म्हणजे वज्र, वीज. त्या शब्दाचा शनीशी काही संबंध नाही. पण दगडाचा मात्र आहे! कसा, ते पुढे सांगतो.

काटोलचा दगड प्रयोगशाळेत गेला आणि त्याची जात ठरली : एल-६ कॉन्ड्राइट. एल म्हणजे लोहाचं प्रमाण कमी असलेला गट. सहा हा आकडा सांगतो, की हा दगड आपल्या मूळ घरी असताना चांगलाच तापलेला होता. एवढा, की सूर्यमाला तयार होतानाचे त्यातले बारीक गोल कण, ज्यांना कॉन्ड्रूल म्हणतात, ते पुसट झाले. भाजी जास्त शिजली की फोडी ओळखू येत नाहीत, तसं.

आता हे मूळ घर कुठलं? मंगळ आणि गुरू यांच्या मध्ये लघुग्रहांचा पट्टा आहे, हे मुलांना शाळेत शिकवतात. पण पुस्तकातलं चित्र पाहून वाटतं, की तिथे दगडांची दाटी आहे, आपल्या पार्किंगसारखी. तसं अजिबात नाही. पट्ट्यातलं सगळं सामान एकत्र केलं तरी ते चंद्राच्या वजनाच्या तीन-चार टक्केच भरेल, आणि ते इतक्या अफाट जागेत पसरलंय की अवकाशयानं त्यातून बिनधास्त आरपार जातात. या पट्ट्याचा सूर्याकडचा भाग, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या साधारण दोन ते अडीच पट अंतरावरचा, तो आतला पट्टा. तिथे खडकाळ लघुग्रह जास्त. बाहेरच्या बाजूला काळे, कार्बनवाले जास्त.

यातल्या एका छोट्या खडकाळ लघुग्रहाला माणसानं अगदी जवळून पाहिलंय. १ नोव्हेंबर २०२३ रोजी 'ल्यूसी' नावाचं नासाचं यान डिंकिनेश या लघुग्रहापासून सुमारे ४३० किलोमीटरवरून गेलं. म्हणजे पुण्याहून गोव्याइतकं अंतर. डिंकिनेशचा व्यास जेमतेम पाऊण किलोमीटर. सकाळी फिरायला जाणारी आपली ज्येष्ठ मंडळी दहा-बारा मिनिटांत ओलांडतील एवढा. अर्थात तिथे चालता येणार नाही, गुरुत्वाकर्षण इतकं कमी की जोरात उडी मारली तर परत खाली यायची खात्री नाही. गंमत अशी, की या एवढ्याशा लघुग्रहालाही स्वतःचा चंद्र निघाला. आणि तो चंद्रही एक नाही, एकमेकांना चिकटलेले दोन गोळे! चंद्र असा जुळा असल्याचं त्याआधी कुणी पाहिलेलं नव्हतं. डिंकिनेश हे नाव इथिओपियाच्या अम्हारिक भाषेतलं. 'ल्यूसी' या प्रसिद्ध आदिमानव-जीवाश्माचं तिकडचं नाव ते, अर्थ 'तू अद्भुत आहेस'. त्या चंद्राचं नाव सेलाम, म्हणजे शांतता. आपल्या 'सलाम'चाच भाऊबंद.

नावांवरून आठवलं. आपले पंडित जसराज. त्यांचं नावही २०१९ मध्ये पट्ट्यातल्या एका लघुग्रहाला दिलं गेलं. त्याचा क्रमांक ३००१२८. पंडितजींची जन्मतारीख २८ जानेवारी १९३०, म्हणजे २८-०१-३०. मुलांनो, हे आकडे घरी जाऊन उलट्या क्रमानं लिहून बघा.

असो. दगड हातात, लघुग्रह दूर आकाशात. दोघांचं नातं कसं लावायचं? लघुग्रहावरून परतणाऱ्या सूर्यप्रकाशाचे रंग तपासले, की कोणती खनिजं आहेत याचा अंदाज येतो. पण अंदाज तो अंदाज. जपानच्या 'हायाबुसा' यानानं इटोकावा नावाच्या खडकाळ लघुग्रहावरचे बारीक कण २०१० मध्ये प्रत्यक्ष पृथ्वीवर आणले, आणि ते याच प्रकारच्या साध्या खडकाळ अशनींशी जुळले. मग नातं पक्कं झालं.

काटोलच्या एल गटाचं मूळ गाव कोणतं, याचं उत्तर अलीकडे, २०२४ मध्ये, 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानं दिलं : आतल्या पट्ट्यातलं मॅसालियाचं कुटुंब. मॅसालिया हा सुमारे १४० किलोमीटर व्यासाचा खडकाळ लघुग्रह. १८५२ मध्ये सापडला, बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली त्याच्या आदल्या वर्षी. पावणेचार वर्षांत सूर्याभोवती एक फेरी मारतो. त्याच्याभोवती त्याच्याचसारख्या कक्षांत फिरणारे लहान लहान लघुग्रह आहेत, आणि ते त्याचेच तुकडे आहेत. सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी तिथे एक प्रचंड टक्कर झाली. तिची खूण एल गटाच्या पुष्कळ दगडांच्या अंगावर आहे. स्वीडनमधल्या एका चुनखडीच्या खाणीत त्या काळातले शंभराहून जास्त अशनी दगडात गाडलेले सापडले आहेत. म्हणजे टक्कर झाल्यावर बराच काळ पृथ्वीवर दगडांचा मारा चालू होता. ४७ कोटी वर्षं म्हणजे किती? आपला हा सगळा सह्याद्रीचा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. राजगड ज्या कातळावर उभा आहे, तो कातळच मुळी तेव्हा नव्हता.

आता प्रवास. तुकडे झाले, पण ते पृथ्वीकडे कसे येतात? आपण आत्ता बसलोय त्या गच्चीच्या फरशीला हात लावून बघा. कोमट आहे ना? दिवसभर खाल्लेलं ऊन ती आता बाहेर टाकतेय. लहान लघुग्रहाचंही तसंच. तो स्वतःभोवती फिरतो, त्याची तापलेली बाजू 'दुपार' उलटल्यावर उष्णता बाहेर फेकते, आणि त्या फेकण्याचा अगदी हलका उलटा धक्का त्याला बसतो. धक्का इतका बारीक, की मोजायलाही अवघड. पण लाखो-कोटी वर्षं बसत राहिला की कक्षा सरकते. मोठ्या लघुग्रहाला याचं काही वाटत नाही, छोटे मात्र सरकतात.

सरकत सरकत ते धोक्याच्या जागी येतात. अशा जागा दोन. आतल्या पट्ट्याची बाहेरची हद्द जिथे आहे, तिथे गुरूची एक फेरी होईपर्यंत लघुग्रहाच्या बरोबर तीन फेऱ्या होतात. झोपाळ्याला दर वेळी नेमक्या क्षणी धक्का दिला की झोका वाढत जातो, तसं गुरू त्याची कक्षा लांबट करत नेतो. दुसरी जागा पट्ट्याच्या आतल्या कडेला, आणि तिथे मुख्य करणी शनीची! शनीच्या प्रभावानं तिथल्या लघुग्रहांची कक्षा ताणली जाते आणि ते मंगळाला, मग पृथ्वीच्या वाटेला छेद देऊ लागतात. आपल्याकडे पडणारे कितीतरी दगड याच वाटेनं येतात. तेव्हा शनी कुणाच्या राशीला लागतो की नाही, यावर मी इथे बोलणार नाही, आजी नाराज होतील. पण आतल्या पट्ट्यातल्या छोट्या दगडांच्या राशीला तो नक्की लागतो, आणि त्यांची साडेसाती लाखो वर्षांची असते.

काटोलच्या दगडानं सांगितलेली सर्वांत मोठी गोष्ट अजून बाकी आहे. आयआयटी खरगपूरच्या सुजय घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दगडाचा अभ्यास केला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. दगडातल्या वितळून पुन्हा गोठलेल्या बारीक शिरांमध्ये त्यांना ब्रिजमनाइट नावाचं खनिज मिळालं. हे खनिज पृथ्वीत सर्वांत जास्त आहे, पण आपल्या पायाखाली साधारण ६६० किलोमीटरच्या खाली. तिथे कोण जाणार? आपल्या शेजारी कोयनेच्या परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी छिद्र पाडलं, ते ३ किलोमीटर. जगातलं सर्वांत खोल छिद्र रशियात, तेही १२ किलोमीटरच्या थोडंसं पुढे. म्हणजे आपण जमिनीचं नुसतं साल खरवडलंय. पण तिकडे अंतराळात लघुग्रहांची टक्कर झाली, त्या क्षणी दाब झाला आपल्या हवेच्या दाबाच्या सव्वादोन ते अडीच लाख पट, आणि पृथ्वीच्या पोटात असतं तेच खनिज त्या दगडात तयार झालं. मग टक्करीची धग झटकन उतरल्यामुळे ते तसंच टिकून राहिलं. पृथ्वीच्या पोटात काय आहे, ते आभाळातून पडलेल्या दगडात बघायला मिळालं. हे मला तरी फार विलक्षण वाटतं.

हे कशामुळे शक्य झालं? दगड वेळेवर हातात आले म्हणून. २२ मे ही तारीख लक्षात घ्या. पावसाळा तोंडावर होता. या दगडांत लोखंडाचे कण असतात, ते पावसात गंजतात आणि दगड आतून बदलायला लागतो. आता आपल्याकडचा पाऊस आठवा. भाटघरच्या वरच्या अंगाला, वेल्ह्याच्या बाजूला जो कोसळतो तो! आषाढात तिथे एखादा अशनी पडला आणि दिवाळीनंतर कुणाला दिसला, तर त्याचं अर्धं बोलणं तिथेच संपलेलं असेल.

दुसरी अडचण अशी, की आपल्याकडे सगळीकडे काळा दगडच आहे. काळ्या कातळात काळा अशनी शोधायचा कसा? मी तीस वर्षं मुलांना भूगोल शिकवला. दर वर्षी कोणीतरी दप्तरातून "सर, उल्का!" म्हणून दगड आणायचंच. तेव्हा ओळख नीट सांगतो. आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, बाहेरून तपकिरी-मातकट झालेला असतो, आतून काळपट. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे त्याचे थर सुटतात. ताजा खडकाळ अशनी बरोबर उलटा : बाहेर पातळ काळी साय, आणि एखादा टवका उडालेला असेल तर आत फिकट राखाडी, त्यात धातूचे चमकणारे बारीक ठिपके. ती काळी साय म्हणजे हवेतून येताना वितळलेला पृष्ठभाग. जाडी जेमतेम मिलिमीटरभर, कारण वितळणं काही सेकंदच चालतं. दगडावर कधीकधी ओल्या मातीत अंगठा दाबल्यासारखे खळगे असतात. हातात घेतला तर त्याच आकाराच्या आपल्या दगडापेक्षा जड लागतो. दगडाला स्पंजासारखी छिद्रं असतील, तर तो अशनी नव्हे. तो आपला सच्छिद्र कातळ, नाहीतर भट्टीतला मळ. छिद्रांत पांढरे स्फटिक असतील, तर ती आपल्या सह्याद्रीची खास देणगी. तोही सुंदर असतो, पण इथलाच.

लोक सांगतात, लोहचुंबक लावून बघा. आपल्या भागात या परीक्षेचा उपयोग नाही. आपल्या बेसाल्टमध्येही चुंबकाला ओढणारं खनिज असतं, त्यामुळे बांधावरचा दगडही पास होईल! शिवाय खऱ्या अशनीला जोरदार चुंबक लावला, तर त्यात कोट्यवधी वर्षं जपलेली चुंबकत्वाची नोंद पुसली जाते. कॅसेटवर चुंबक फिरवल्यासारखं. कॅसेट म्हणजे काय ते पोरांनी आजोबांना विचारावं.

मग सापडला तर काय करायचं? आधी तो जिथे आहे तिथेच, शेजारी पेन किंवा नाणं ठेवून फोटो काढायचा. मोबाईलवर जागेची नोंद करायची, वेळ लिहून ठेवायची, आवाज कोणत्या दिशेनं आला तेही. मग स्वच्छ नव्या प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा स्वयंपाकघरातल्या फॉइलमध्ये घालून कोरड्या जागी ठेवायचा. धुवायचा नाही. फोडून वाटून घ्यायचा नाही. आणि हे जरा हात जोडून सांगतो, तेल-शेंदूर लावायचा नाही. आपल्याकडे नवा दगड दिसला की त्याला शेंदूर लागायला फार वेळ लागत नाही. श्रद्धेबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण तेल एकदा आत मुरलं की दगडाचं रासायनिक परीक्षण बिघडतं. मग पोलीस पाटील, तलाठी किंवा तहसील कचेरीत कळवायचं, आणि तो जीएसआयकडे जाईल असं बघायचं. देशात पडलेले अशनी जपण्याचं काम त्यांच्याकडे आहे, कोलकात्यात त्यांचा जुना संग्रह आहे. "पडला तेव्हा लालबुंद होता" असं कुणी सांगितलं, तर थोडा संशय घ्या. दगड शेवटचे काही किलोमीटर थंड हवेतून नुसता पडत असतो, त्यामुळे बहुतेक वेळा हाताला फार तर कोमट लागतो.

आकाशातून पडलेलं सगळंच लघुग्रहाचं नसतं, हेही सांगायला हवं. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. महाराष्ट्रात पुष्कळांनी आकाशात जळत जाणारे लांबलचक गोळे पाहिले, व्हिडिओ फिरले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचं एक मोठं कडं पडलं. ते रॉकेटचं भंगार होतं. फरक सोपा आहे. उल्का सेकंदांत संपते. भंगार सावकाश, तुकडे होत, आकाशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातं. अशा भंगाराला हात लावू नये, त्यात विषारी इंधनाचा अंश असू शकतो.

भीतीचा प्रश्न नेहमी निघतो, म्हणून तेवढं सांगतो. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियात चेल्याबिन्स्क शहरावर सुमारे २० मीटरचा खडकाळ लघुग्रह हवेतच फुटला. आपल्या इमारतीहून थोडाच उंच. दीड हजारांच्या आसपास लोक जखमी झाले, पण त्यांना दगड लागला नव्हता. बहुतेकांना काचा लागल्या. आधी डोळे दिपवणारा उजेड पडला, लोक काय झालं ते बघायला खिडकीशी गेले, आणि दोन-एक मिनिटांनी हवेचा दणका पोचला तेव्हा खिडक्या फुटल्या. उजेड आधी येतो, आवाज मागून. विजेच्या वेळी आपण हेच बघतो. तेव्हा कधी भरदिवसा आकाशात सूर्यासारखा झगमगाट झाला, तर मुलांनो, खिडकीकडे धावायचं नाही. आत, भिंतीच्या आडोशाला. विशेषतः आपल्या बी विंगमध्ये, जिथे गॅलऱ्या काचा लावून बंद केल्यात. त्याची परवानगी होती की नव्हती हा विषय एजीएमचा, माझा नाही.

शेवटी, मघाशी चिठ्ठीवर आलेले दोन प्रश्न. पहिला : असा दगड विकला तर किती मिळतील? साधा खडकाळ अशनी परदेशी बाजारात ग्रॅमवर विकला जातो, पण सोन्याच्या भावाच्या जवळपासही सहसा जात नाही. "आकाशातला दगड आहे, करोडोंना जाईल, आधी टेस्टिंगचे पैसे भरा" असं सांगणारा कोणी भेटला, तर तो ठग आहे असं खुशाल समजा.

दुसरा प्रश्न सातवीतल्या मुलीचा आहे. दगड आपल्या सोसायटीच्या गच्चीवर पडला तर तो कुणाचा? वरच्या मजल्यावाल्यांचा की सगळ्यांचा? बाळ, गच्ची सगळ्यांची, त्यामुळे वॉटरप्रूफिंगचा खर्च सगळ्यांचा. दगड मात्र फोटो काढून, पिशवीत घालून, पंचनामा करून द्यायचा. आणि तो पहिल्यांदा कुणाला दिसला, त्याचं नाव कागदावर लिहायला सेक्रेटरीकाकांना विसरू द्यायचं नाही. आता पानं वाढली आहेत असं दिसतंय. दुर्बीण टाकीच्या बाजूला लावली आहे, लहान मुलांनी आधी तिकडे यावं.